अँजिओग्राफी ‘नॉर्मल’, तरी हार्ट अटॅक: पुढे काय करायचं?

छातीत कळ आली, रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं निघालं, ईसीजी बदलला. अँजिओग्राफीत मात्र मोठं ब्लॉकेज कुठेच नाही. ‘काही निघालं नाही’ म्हणत घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पेशंटला चोपड्याला नाहीतर शहाद्याला परत नेतात. इथंच घाई होते. ट्रोपोनिन वाढलं म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालेली आहे. मोठ्या रक्तवाहिन्यांत ५० टक्के किंवा त्याहून जास्त अडथळा नसताना आलेल्या अटॅकला डॉक्टर ‘मिनोका’ म्हणतात. अटॅकच्या दर १०० पेशंटांत साधारण ५ ते १० असे असतात. त्यांत बायका आणि कमी वयाची माणसं तुलनेनं जास्त. कारण सापडेपर्यंत निदान अर्धवट असतं, आणि औषध कारणाप्रमाणे बदलतं.

दुखत असताना घरी हा भेद करता येत नाही, करूही नका. छातीवर दाब, घाम, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ असेल तर ओवा-सोड्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटात रक्तस्राव नसेल तर साधी ३०० ते ३२५ मिलीग्रॅमची एक गोळी चावून खायला द्या. पहिलं ट्रोपोनिन नॉर्मल आलं तरी काही तासांनी पुन्हा तपासावं लागतं, कारण ते रक्तात वाढायला वेळ लागतो.

डिस्चार्ज घेताना कागदं नीट मागून घ्या. अँजिओग्राफीचा नुसता रिपोर्ट पुरत नाही, सीडी हवी; पुढचा डॉक्टर ती पुन्हा बारकाईनं पाहतो, कारण रक्तवाहिनीचं अस्तर आपोआप फाटल्याची खूण पहिल्या नजरेतून निसटू शकते. हा प्रकार तरुण बायकांत, बाळंतपणानंतरही दिसतो. ट्रोपोनिनचे आकडे वेळेसकट लिहून घ्या. ईसीजीचे फोटो त्याच दिवशी काढा: तो कागद उष्णतेनं काळवंडतो आणि अक्षरं पुसट होतात. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात गाडीत ठेवलेली फाईल तर लवकरच निकामी होते.

मग डॉक्टरांना थेट विचारा: “कारण काय धरलं आहे, आणि हृदयाचा एमआरआय लागेल का?” हा एमआरआय पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत केला तर सर्वांत उपयोगी, महिन्यानं केला तर सूज ओसरलेली असू शकते. खरा अटॅक, स्नायूची सूज म्हणजे मायोकार्डायटिस आणि मोठ्या धक्क्यानंतर होणारा ताकोत्सुबो यांतला फरक त्यात दिसतो. त्यासाठी नाशिक, संभाजीनगर किंवा मुंबईला जावं लागेल असं गृहीत धरून आधीच तारीख घ्या. शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणूनचं औषध) द्यायचा असतो म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

काही गोष्टी पेशंट आपणहून सांगत नाही, त्या घरच्यांनी सांगाव्यात. कळ आराम करताना, मध्यरात्री ते पहाटे येते का? तसं असेल तर रक्तवाहिनी आखडण्याचा, म्हणजे स्पाझमचा संशय येतो. विडी-सिगारेट हे त्याचं मोठं कारण. मिश्री आणि तंबाखूतलं निकोटिनही रक्तवाहिनी आवळतं. सासू-सासऱ्यांसमोर बाई मिश्रीचं बोलणार नाही, तेव्हा तिला एकटीला विचारू द्या. अर्धशिशीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं दाखवा. ट्रिप्टान आणि अर्गोटामिन गटातली औषधं रक्तवाहिन्या आखडतात. घरात मयत झाली आणि दहाव्या-तेराव्याच्या आत आईला छातीत दुखलं, तर तेही सांगा. ताकोत्सुबोत मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचं टोक फुगल्यासारखं होतं. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत सुधारतं, पण पहिले दिवस धोक्याचे असतात. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पेशंटाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे का, हेही सांगायला हवं.

औषधांत सर्वांत जास्त चूक होते ती सरसकट उपचारांनी. रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटून अटॅक आला असेल तर ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन लागतं. स्पाझममध्ये डिल्टियाझेम किंवा ॲम्लोडिपिनसारखी औषधं देतात. ठोके मंदावणाऱ्या बीटा-ब्लॉकरनं त्यात त्रास वाढू शकतो. हृदयाचे ठोके अनियमित असून गुठळी वाहून आली असेल तर रक्त पातळ करणारं वेगळं औषध लागतं. त्यासाठी २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. मात्र शेजारच्या नानांचं औषध पाहून आपलं बंद करू नका. स्पाझमची गोळी अचानक थांबवली की कळा उसळून परत येतात.

जिभेखालची सॉर्बिट्रेट दिली असेल तर बसून घ्या, उभ्यानं नको. बीपी एकदम उतरतं. लैंगिक ताकदीची गोळी मागच्या दोन दिवसांत घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात घेऊ नका. सॉर्बिट्रेटनं बरं वाटलं म्हणून दुखणं हृदयाचंच होतं असं ठरत नाही, अन्ननलिकेची कळही तिनं थांबते. पाच मिनिटांत कळ गेली नाही तर १०८.

कळ पुन्हा आली आणि कुणी म्हणालं की ‘अँजिओग्राफी नॉर्मल होती ना’, तर कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हे सांगा: “आधी ट्रोपोनिन वाढलं होतं, मिनोका सांगितलं आहे.” आणि कळ चालू असतानाच ईसीजी काढायला सांगा, स्पाझम सुटल्यावर काढलेला ईसीजी साफ नॉर्मल असू शकतो.