पोराने मारधाडीचा पिक्चर बघितला आणि घाबरला, तर काय करायचं

आमच्या गल्लीत गणपतीत पडदा लावून 'शोले' दाखवलेला, मी सहा वर्षांची, गब्बर ठाकूरचे हात तोडतो तो सीन आला तसं आजीच्या पदरात तोंड खुपसलं आणि पुढे महिनाभर शाल पांघरलेला माणूस दिसला की पोटात गोळा. म्हणून सांगते, "पिक्चरच आहे, झोप गप" म्हणू नका, काय दिसलं ते त्यालाच बोलू द्या. मग दिवसाउजेडी, त्याची तयारी असेल तरच हं, तो सीन पॉज करत दाखवा. 'शोले'तच बघा ना, तलवारी वर जातात आणि डायरेक्ट ठाकूरची शाल उडते, हात तुटताना दाखवलेच नाहीयेत! मला हे तिशीत कळलं. पुढच्या वेळी आधी सर्टिफिकेट बघा, २०२४ पासून यूए मध्ये (म्हणजे पोरांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली बघायचे पिक्चर) वयानुसार ७+, १३+, १६+ असं वेगवेगळं लिहितात.