संशोधन प्रस्तावाचं अंदाजपत्रक: आधी विद्यार्थी, मग यंत्र

कोटेशन मागवण्याआधी एका कागदावर लिहा: तीन वर्षांत किती विद्यार्थी कोणतं काम स्वतःच्या हातानं करायला शिकतील? यंत्रांची यादी त्यातून निघाली पाहिजे. उलटं केलं तर यंत्र येतं, फीत कापली जाते आणि चालवणारा कुणी नसल्यानं वॉरंटी खोक्यातच संपते. मराठवाड्यातल्या मुलांचं यात फार नुकसान होतं.

समजा, विषय आहे कपाशीच्या शेतात ओलावा मोजणारं सेन्सरचं जाळं. कपॅसिटिव्ह (विद्युतधारितेवरून ओलावा ओळखणाऱ्या) सेन्सरचं कंपनीनं दिलेलं प्रमाणीकरण (कॅलिब्रेशन) आपल्या काळ्या मातीत चुकतं. ही माती वाळली की भेगाळते, सेन्सरभोवती हवा शिरते आणि माती आहे त्यापेक्षा कोरडी दिसते. म्हणून प्रमाणीकरण आपणच करा: ओलाव्याच्या पाच-सहा पातळ्यांवर सेन्सरचा आकडा टिपून नमुने घ्या, वजन करा, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ओव्हनमध्ये वाळवा, पुन्हा वजन करा. सेन्सर घनफळावरचा ओलावा दाखवतो, वजनावरचा नव्हे. त्यामुळे कोअर रिंगनं (ठरावीक घनफळाचा नमुना काढणाऱ्या कडीनं) मातीची घनताही मोजावी लागते. माती आकसत असल्यानं ही घनता प्रत्येक पातळीला वेगळी भरते. मुलं खरी शिकतात ती इथं. ओव्हन, तराजू, रिंगा स्वस्त असतात, आणि अंदाजपत्रकात नेमक्या त्याच राहून जातात.

मनुष्यबळाचा हिशेब नीट मांडा. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या दरानं जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलो) दरमहा ३७,००० आणि एसआरएफला (वरिष्ठ संशोधन फेलो) ४२,००० रुपये मिळतात. दोन वर्षं जेआरएफ, एक वर्ष एसआरएफ धरलं तर १३.९२ लाख; घरभाडे भत्ता वेगळा. तिन्ही वर्षं जेआरएफचाच दर लावला की शेवटच्या वर्षी ६०,००० कमी पडतात. ऑनलाइन यूपीएस आणि अर्थिंग पहिल्याच वर्षात घ्या. प्रकल्प संपल्यावर देखभालीला पैसे मिळत नाहीत, म्हणून वाढीव वॉरंटीची अट निविदेतच घाला.

पैसे कुठून? केंद्राकडून अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. २०२३ च्या कायद्यानं एसईआरबी (आधीचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) त्यात विलीन झालं. जवळचा मार्ग छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांचा सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ प्रमाणे पात्र कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात. शासकीय निधीवरच्या विद्यापीठांचं विज्ञान-तंत्रज्ञान संशोधन त्याच कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत बसतं. रक्कम थेट विद्यापीठाच्या खात्यावर घेऊन प्रकल्प राबवायचा असेल तर सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचं काम राबवणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) आधी करून ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत भेटा, तेव्हा पुढच्या वर्षाचा आराखडा ठरत असतो. कंपनीला निष्कर्षांवर हक्क हवा असेल तर तो सीएसआर होत नाही. प्रायोजित संशोधनाचा वेगळा करार करा आणि पेटंट कुणाचं हे त्यातच लिहा.

मंजुरीनंतर खरी अडचण हप्त्यांची. केंद्रीय अनुदानावरचं व्याज आपलं नसतं, ते परत करायचं असतं. जीएफआरच्या (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-अ नमुन्यातलं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्चले याचा दाखला, आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत द्यावं लागतं, पण ते पोचेपर्यंत पुढचा हप्ता अडकतो आणि विद्यार्थ्याची फेलोशिप थांबते. त्यामुळे एप्रिलमध्येच लेखा विभागासोबत बसा आणि डेड स्टॉक रजिस्टरची (टिकाऊ वस्तूंच्या वहीतली) नोंद प्रत्येक बिलाशी जुळवून घ्या.