मेसोपोटेमियाच्या पुराणकथांतील देव आणि माणूस: वाचताना या चुका टाळा

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या परिसरातील प्राचीन संस्कृतीत, देव मालक आणि माणूस गुलाम, असे एका वाक्यात सांगून मोकळे होणे ही या विषयावरील सर्वांत मोठी चूक आहे. तिचे मूळ ‘अत्राहासिस’ या अक्कादी (तिथल्या एका प्राचीन भाषेतील) काव्याच्या अर्धवट वाचनात सापडते. कालवे खणून थकलेले कनिष्ठ देव थोर देव एन्लिल याच्याविरुद्ध बंड करतात आणि त्यांचे ओझे वाहण्यासाठी माणूस घडवला जातो, इथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक असते. परंतु ज्या मातीतून तो घडला ती मारल्या गेलेल्या एका देवाच्या रक्तामांसात मळलेली होती, याकडे दुर्लक्ष होते. पुढे महापुरात माणसे बुडाल्यावर अर्पणे थांबतात, देवच भुकेतहानेने व्याकूळ होतात आणि वाचलेल्या अत्राहासिसाने बळी देताच त्याभोवती माश्यांसारखे गोळा होतात. देवांचे हे परावलंबन ध्यानात घेतले, तरच मंदिरांतील मूर्तींपुढे रोज जेवण का मांडले जाई, ते उमगते.

या महापुराला पापाची शिक्षाही समजू नये. माणसांच्या गोंगाटाने एन्लिलची झोप मोडते, म्हणून तो रोगराई, दुष्काळ आणि अखेरीस पूर आणतो. शहाणपणाचा देव एन्की मात्र शपथेने बांधलेला असूनही बोरूच्या कुडाशी बोलत असल्याचे भासवून आपल्या भक्ताला सावध करतो. मनू आणि मत्स्याची कथा मनात धरून वाचल्यास देवांमधला हा संघर्ष, जो मला या काव्याचा गाभा वाटतो, नजरेतून सुटतो. माणूस सोन्याच्या खाणींत राबवण्यासाठी निर्माण केला, हा समाजमाध्यमांवरील दावा तर सोडूनच द्यावा, कारण काव्यात खणले जातात ते कालवे.

प्रत्येक राजाला देव मानणेही चूक आहे. अक्कादच्या नराम-सिनने हयातीतच देवत्व धारण केले, पण बाबिलोनचा राजा हम्मुराबी आपल्या शिलास्तंभावर सूर्यदेव शमाशसमोर नम्रपणे उभा आहे.

केवळ महाकाव्ये वाचणाऱ्यांना सामान्य माणसाचा वैयक्तिक देव भेटतच नाही. हा देव घरच्या वडीलधाऱ्यासारखा रक्षण करी आणि थोर देवांपुढे भक्तासाठी शब्द टाकी. तो रुसला की आजार व अपयश येते, अशी श्रद्धा होती. येथे पूर्वजन्मीचे कर्म शोधू नये. ‘लुद्लुल बेल नेमेकी’ या काव्यातील पीडित सरदार, ज्याला त्याचा देव आणि देवी दोघेही सोडून गेले आहेत, स्वतःला चांगले वाटणारे कृत्य देवाला अपराध वाटत असेल काय, असे विचारतो आणि त्याचे उत्तर न मिळताच बाबिलोनचा मुख्य देव मर्दुक त्याला बरे करतो.