ओपनफोममध्ये मेश बदलली की स्लिपचा आकडाही बदला

ओपनफोम हे द्रव-वायूंच्या प्रवाहाचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर. त्यातल्या इंटरफोममध्ये (न मिसळणाऱ्या दोन प्रवाहींचा सॉल्व्हर) भिंतीवरून सरकणाऱ्या थेंबाचं सिम्युलेशन करताना मेश (जागेचे छोटे सेल पाडणारी जाळी) बारीक केली की थेंबाचा वेग बदलतो, आणि संशय जातो सरफेस टेन्शनवर. आधी पार्शलस्लिप (partialSlip, भिंतीवर द्रव किती सरकतो ते ठरवणारी सीमाअट) बघा. त्यातली व्हॅल्यूफ्रॅक्शन (valueFraction) ही स्लिप लेंग्थ (वेगाची रेषा भिंतीच्या आत वाढवली तर जितक्या खोलीवर वेग शून्य होईल ते अंतर) नव्हे. तो नुसता ० ते १ मधला आकडा आहे (१ म्हणजे नो-स्लिप, भिंतीवर द्रव अजिबात सरकत नाही), आणि त्याचा अर्थ पहिल्या सेलच्या जाडीवर ठरतो.

१. हवी ती स्लिप लेंग्थ ठरवा, तिला 'ल' म्हणू.
२. भिंतीपासून पहिल्या सेलच्या केंद्रापर्यंतचं अंतर 'अ' घ्या. सेलची पूर्ण उंची नाही, निम्मी!
३. व्हॅल्यूफ्रॅक्शन = अ ÷ (अ + ल).

ल १० मायक्रॉन आणि सेल २० मायक्रॉन उंच असेल तर उत्तर ०.५. सेल १० मायक्रॉनचा केला की ०.३३. जुना ०.५ तसाच ठेवलात तर स्लिप लेंग्थ गुपचूप ५ मायक्रॉनवर येते.

खात्रीसाठी थेंब बाजूला ठेवा. दोन सपाट भिंतींमध्ये एकच द्रव, तोच दाबउतार, लॅमिनार (थराथरांत शांत वाहणारा) प्रवाह. दोन्ही भिंतींवर स्लिप असेल तर प्रवाह नो-स्लिपच्या (१ + ६ल/भिंतींमधलं अंतर) पट यायला हवा. ६०० मायक्रॉनच्या चॅनेलमध्ये वरच्या ल साठी १.१ पट. ही केस चटकन चालते.

सावधान: भिंतीलगतच्या सेलची जाडी जागोजागी वेगळी असेल तर एकच आकडा चालणार नाही.