आयरिश पूर्वजाचा माग: आधी टाउनलँड, मग नाव

आयर्लंडची सगळी दप्तरं जळाली, आता काही मिळायचं नाही, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स आवारातला सरकारी दप्तरखाना आगीत गेला आणि त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद राख झाले. १८६१ आणि १८७१ ची जनगणना सरकारनेच आधी नष्ट केली होती. १८८१ आणि १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. पण जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी, कॅथलिक चर्चच्या वह्या, १९०१ व १९११ ची जनगणना आणि जमिनीची छापील मोजणी शाबूत आहे.

खरी अडचण नावांची आहे. एका काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, एकाच नावाचे, एकाच वयाचे दहा पॅट्रिक सहज सापडतात. त्यांतला आपला कोणता, हे टाउनलँडवरून ठरतं. टाउनलँड म्हणजे तिथला सर्वांत लहान महसुली तुकडा. कधी चार घरांचासुद्धा. असे साठ हजारांहून अधिक आहेत. ते हाती येईपर्यंत आयरिश नोंदींत शिरू नका.

टाउनलँड बहुधा आयर्लंडबाहेरच्या कागदांत सापडतं. इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत आयरिश माणसापुढे फक्त ‘आय’ हे अक्षर असतं. १८५१ पासून जन्मस्थळ विचारलं, पण आयरिश माणसाच्या रकान्यात बहुतेक वेळा नुसतं ‘आयर्लंड’ लिहिलेलं दिसतं. १८४१ च्या नोंदीत आणखी एक गोम आहे: पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवली आहेत. ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो, म्हणून जन्मवर्षाचा अंदाज चार वर्षांपर्यंत मागे धरा. पूर्वज स्कॉटलंडला गेला असेल तर नशीब समजा. तिथे १८५५ पासूनच्या मृत्युनोंदीत आईवडील दोघांची नावं, आईच्या माहेरच्या आडनावासह, असतात. माहिती देणाऱ्याला ठाऊक नसेल तर चुकीचीही असतात, म्हणून भावंडांच्या मृत्युनोंदीही काढून ताडून पाहा. इंग्लंडमध्ये नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, पण तिथल्या मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांची नावं नसतात; तिथे लग्नाचा दाखला मागवा, त्यावर दोन्ही वडिलांची नावं आणि धंदा मिळतो.

पूर्वज सैनिक असेल तर लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्‌जमधली ‘डब्ल्यूओ ९७’ ही मालिका पाहा. निवृत्तिपत्रात जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून पडलेला विभाग), जवळचं गाव आणि काउंटी असे तिन्ही तपशील येतात. मात्र १८८३ पूर्वी ही कागदपत्रं मुख्यतः पेन्शन घेऊन सुटलेल्यांचीच आहेत. नोकरीत असताना मेलेला शिपाई तिथे सापडणार नाही. त्याच्यासाठी पलटणीचे हजेरीपट चाळावे लागतात.

पुणे, खडकी किंवा देवळालीच्या कबरस्तानापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी वाट अशी: मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या क्रमांकाखाली आहेत. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या मोफत सूचीत आधी नाव शोधा. दफनाच्या नोंदीत आईवडील नसतात, पण हुद्दा आणि पलटण मिळते. पलटण कळली की हजेरीपटाकडे जाता येतं.

टाउनलँड मिळालं की ते लॉगेनम या सरकारी स्थलनामकोशात टाका आणि त्याचा सिव्हिल (सरकारी) पॅरिश, बॅरनी (काउंटीचा पोटविभाग) आणि काउंटी लिहून घ्या. कॅथलिक पॅरिश वेगळा असतो, सीमाही वेगळ्या. हे न पाहता चुकीची चर्चवही महिनाभर चाळणारे पुष्कळ असतात.

मग आयरिशजीनिऑलॉजी या सरकारी संकेतस्थळावर जा. १०० वर्षांपूर्वीचे जन्म, ७५ वर्षांपूर्वीची लग्नं आणि ५० वर्षांपूर्वीचे मृत्यू यांच्या मूळ पानांच्या प्रतिमा मोफत आहेत. सर्वांची नोंदणी १८६४ ला सुरू झाली; बिगर-कॅथलिक लग्नांची १८४५ ला. शोधताना आडनावाआधीचे ‘ओ’ आणि ‘मॅक’ काढून एकदा, लावून एकदा पाहा. ब्रिजेट कधी डीलिया, कधी बिडी होते. उशिरा नोंदवल्यास दंड होता, त्यामुळे पालक जन्मतारीख पुढे सरकवत. बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसला तर गोंधळू नका, बाप्तिस्म्याची तारीख खरी माना.

१८६४ पूर्वीसाठी नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडच्या संकेतस्थळावर कॅथलिक वह्या साधारण १८८० पर्यंत मोफत आहेत. तिथे नावाने शोध होत नाही. त्यासाठी फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळाची मोफत सूची वापरा, पण प्रतिमा स्वतः वाचा. नावं लॅटिनमध्ये असतात: जेम्सचा जेकोबस, विल्यमचा गुलिएल्मस. साक्षीदार आणि धर्मपालकांची नावं उतरवून घ्या, ते बहुधा नातलगच असतात. लग्न सहसा वधूच्या पॅरिशमध्ये होई. पश्चिमेकडच्या अनेक वह्या मात्र १८३० नंतरच सुरू होतात.

मागे जायला ग्रिफिथची मोजणी (१८४७ ते १८६४), म्हणजे सुरुवातीला सांगितलेली जमिनीची छापील मोजणी, उपयोगी. सातबाऱ्यावर मालक आणि कूळ जसे वेगळे दिसतात, तसे इथे कसणारा आणि जमीन देणारा वेगळ्या रकान्यांत आहेत. फक्त घरातला कर्ता नोंदवला आहे, बायकामुलं नाहीत. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाचे दोघे असतील तर वडिलांचं नाव जोडून फरक केलेला असतो. ही बारीक ओळ पुष्कळदा एक पिढी मागे नेते. मोजणीनंतरच्या दुरुस्ती-वह्यांत खातेदाराचं नाव खोडून नवं लिहिलं आहे; ते वर्ष मृत्यूचं किंवा परदेशी गेल्याचं असू शकतं, म्हणून त्याच्या आसपासची मृत्युनोंद शोधा. उत्तर आयर्लंडच्या अशा वह्या ‘प्रोनी’ या तिथल्या सरकारी दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, बाकीच्या डब्लिनमध्ये.

१९०१ आणि १९११ च्या जनगणनेत जन्मस्थळ म्हणून फक्त काउंटी दिलेली असते. १९११ मध्ये विवाहितेला लग्नाची वर्षं, झालेली आणि हयात मुलं विचारली आहेत. त्यावरून हरवलेली अपत्यं शोधता येतात. त्या दहा वर्षांत कोणी पंधरा वर्षांनी म्हातारं झालेलं दिसलं तर चकित होऊ नका. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन मिळू लागलं होतं, म्हणून वय वाढवून सांगितलं जाई.