बग्गीच्या बॅटऱ्या आणि ओघळणारं अ‍ॅसिड: रिसॉर्टच्या मेंटेनन्सला नव्याने लागणाऱ्यांसाठी

आयटीआय करून कोकणातल्या रिसॉर्टवर मेंटेनन्सला लागलात की पंप, एसी आणि जनरेटरबरोबर बॅटरीवरच्या बग्ग्याही तुमच्याच गळ्यात पडतात. मी गुहागरकडे हेच काम करतो. आपल्याकडे रिसेप्शन वर सड्यावर आणि खोल्या खाली समुद्राकडे, त्यामुळे पाहुणे आणि त्यांच्या बॅगा घेऊन बग्गी दिवसभर चढ चढत असते. लिथियमवाल्या बग्ग्या येऊ लागल्यात, त्यांना पाणी लागत नाही. पण लेड-अ‍ॅसिडवाल्या अजून भरपूर आहेत, आणि नव्या मुलाची गाठ बहुधा त्यांच्याशीच पडते.

ड्रायव्हरची तक्रार ठरलेली असते, "दादा, बॅटरीतनं पाणी येतंय." ते पाणी नसतं, अ‍ॅसिड असतं. आणि दहातल्या आठ वेळा ते बाहेर येण्याचं कारण म्हणजे कोणीतरी सकाळी चार्जिंगच्या आधी काठोकाठ पाणी भरलेलं असतं. चार्ज होताना बॅटरी तापते, शेवटी शेवटी बुडबुडे सुटतात आणि आतली पातळी वर चढते. जागा नसली की बुचातून बाहेर. म्हणून पाणी घालायचं ते चार्जिंग पूर्ण झाल्यावर. बूच काढून आत पाहिलंत तर खाली उतरलेली एक नळी दिसेल. तिच्या खालच्या कडेपासून साधारण ३ मिलिमीटर खाली थांबायचं. चार्जिंगच्या आधी प्लेटा उघड्या दिसल्या तरच पाणी घाला, आणि तेही प्लेटा जेमतेम बुडतील एवढंच.

पाणी डिस्टिल्डच. विहिरीचं नको, बोअरचं तर नकोच. जांभ्यातून आलेल्या पाण्यात लोह असू शकतं आणि ते बॅटरीला बाधतं. कॅन संपला म्हणून मॅनेजर "बिसलेरी घाल" म्हणेल. नम्रपणे नाही म्हणा आणि चिपळूणहून येणाऱ्या गाडीला कॅन सांगा. वरून अ‍ॅसिड मात्र कधीच घालायचं नाही. पाणी उडून जातं, अ‍ॅसिड आतच राहतं. पण जे अ‍ॅसिड ओघळून गेलं ते गेलंच: त्या जागी पाणी भरत राहिलात की ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या अ‍ॅसिडचा दाटपणा, उतरते आणि बग्गी अर्ध्या चढावर दम टाकते.

ग्रॅव्हिटी पाहायची ती पाणी घालण्याआधी. ताजं पाणी वरच तरंगत राहतं आणि ग्रॅव्हिटी मोजायचा हायड्रोमीटर खोटं सांगतो. पूर्ण चार्ज झालेला सेल, म्हणजे बुचाखालचा २ व्होल्टचा एक कप्पा, १२६५ ते १२८० दाखवतो. ४८ व्होल्टच्या बग्गीत ८ व्होल्टच्या ६ बॅटऱ्या असोत की ६ व्होल्टच्या ८, सेल २४ च. चोवीसही आकडे वहीत लिहा. कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं निदान त्या वहीतूनच होतं. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ५० ने खाली असेल तर त्याच्यावर डोळा ठेवा.

सगळ्याच बॅटऱ्या ओल्या असतील तर पाणी जास्त झालंय किंवा चार्जर थांबत नाहीये. आपल्याकडे लाइट जाते-येते, आणि काही चार्जर लाइट परत आली की चार्जिंग पहिल्यापासून सुरू करतात, भरलेल्या बॅटरीवरही. एखादीच ओली असेल तर चार्जिंगच्या शेवटी तिची बुचं उघडून लांबून, चष्मा लावून पाहा. एक सेल गपगार आणि शेजारचे खळखळताहेत, तर तो गपगार सेल मेलाय आणि त्याच्या वाटणीचं व्होल्टेज बाकीचे सोसताहेत. सडक्या अंड्याचा वास आला तर आधी चार्जर बंद करा, मग विचार करा.

वर सांडलेलं अ‍ॅसिड तसंच सोडू नका. मल्टीमीटरची एक पिन टर्मिनलला लावा आणि दुसरी बॅटरीच्या वरच्या प्लास्टिकवर फिरवा. व्होल्ट दाखवतोय? म्हणजे त्या ओलीतून करंट गळतोय. खारी दमट हवा त्यात भर घालते आणि खालचा ट्रे पापडासारखा सुटतो. बुचं घट्ट लावून खायच्या सोड्याचं पाणी ओता, फेस थांबेपर्यंत. सोडा आत गेला तर मात्र तो सेल गेला. मग साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनल सोडवताना आधी निगेटिव्ह. अंगठी, कडं, घड्याळ खिशात. पान्याला इन्सुलेशन टेप. डोळ्यात थेंब उडाला तर किमान १५ मिनिटं नळाखाली डोळा धरा आणि मग दवाखाना.

चार्जिंगची जागा उघडी हवी. पावसात शेडला ताडपत्री लावून चारी बाजू बंद करायची हौस बऱ्याच ठिकाणी दिसते. आत चार्जिंगच्या बुडबुड्यांतला हायड्रोजन साठतो. हवेत ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. वरची फट मोकळी ठेवा, आणि बिडी तिथे नको, वॉचमनकाका कितीही जवळचे असले तरी.

पावसाळ्यात बग्ग्या उभ्या राहतात. फुल्ल चार्ज करून निगेटिव्ह काढून ठेवा, महिन्याला ग्रॅव्हिटी पाहून चार्ज द्या. अर्धवट उतरलेली बॅटरी दोन-तीन महिने तशीच राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ऑक्टोबरात मालक तुम्हालाच विचारतो.

बाद झालेल्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. तो वजन कमी करायला अ‍ॅसिड तिथेच माडाच्या आळ्यात ओततो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या जमा करून घ्यायची व्यवस्था आहे. नवा सेट घेताना डीलरकडे परत द्या, बिलात त्याची किंमत वजा करून घ्या आणि पावती त्या वहीलाच टाचून ठेवा.