पेनोचं शेपूट, गुहागरची वाळू

१८७१ साली पॅरिसच्या त्युइलरी बागेत आल्फॉन्स पेनो या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारं एक चिमुकलं विमान सोडलं. प्लॅनोफोर हे त्याचं नाव. ते ११ सेकंदांत ४० मीटर गेलं, आणि वाटेत त्याला सावरायला कुणी नव्हतं. पुढे १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी घरी जे उडतं खेळणं आणलं, तेही पेनोच्याच धर्तीचं होतं.

त्याची युक्ती अशी. नाकात वजन, आणि शेपटीचा कोन पंखापेक्षा कमी. त्यामुळे शेपूट सतत थोडं खाली दाबलं जातं. विमान सूर मारू लागलं की वेग वाढतो, तो दाब वाढतो, नाक वर येतं. वेग मंदावला की दाब कमी होतो आणि नाक आपसूक खाली झुकतं. हे हाताला कळायचं तर इंजिनाविना तरंगणारा छोटा ग्लायडर करून पाहावा.

पंखाला २ मिमी बाल्सा (अतिशय हलकं लाकूड), ४५० बाय ७५ मिमी, लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने. पुढची कड गोल, मागची घासून १ मिमी. शेपटीला १.५ मिमी बाल्साची १८० बाय ५० ची पट्टी, आणि वर ६० मिमी उंच उभं पातं. दांडा ४०० मिमीचा, बांबूच्या कामटीचा: नाकाकडे ३ बाय ५ मिमी, शेपटीकडे तासून निम्मा. कामटी तासताना गाठीवर जोर लावला की फाटते, म्हणून गाठ नसलेला तुकडा निवडा.

पंख मधोमध कापा. एक अर्धा पाटावर दाबून धरा आणि दुसऱ्याचं टोक ४० मिमी उचला. सांध्याच्या दोन्ही कडा पाटाच्या काठावर पॉलिश पेपरने तिरप्या घासा, म्हणजे फट राहणार नाही. फट गोंदाने भरली तर पंख पहिल्याच आपटीत तिथेच तुटतो. इथे दोन भागांचं अ‍ॅराल्डाइट बरं. पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद किनाऱ्याच्या दमट हवेत हळूहळू सैल पडतो.

पंखाची पुढची कड नाकापासून ८० मिमीवर ठेवा आणि तिच्याखाली ३ मिमीची पट्टी चिकटवा. म्हणजे शेपटीपेक्षा पंख सुमारे २ अंश वर राहतो, आणि पेनोचं सूत्र या पट्टीतच आहे. मग दोन्ही बाजूंना सँडिंग सीलरचे, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचे, दोन पातळ हात. एकाच बाजूला लावलंत तर पंख वाकलाच समजा.

तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून २५ मिमीवर यावा. नाकाला जाळ्याच्या शिशाचे मणी टेपने बांधा, साधारण १० ते १४ ग्रॅम लागतील. मग हात धुवा.

पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा मंद असताना, दुपारी समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याआधी, गुहागरच्या वाळूवर या. राइट बंधूंनी उड्डाणासाठी अमेरिकेतलं किटी हॉक निवडलं तेही वारा आणि मऊ वाळू पाहूनच. पण त्यांना जोराचा वारा हवा होता, तुम्हाला जवळजवळ शांतता हवी. हा ग्लायडर ताशी १८ किलोमीटरच्या आसपास उडतो, म्हणून वारा ताशी १० च्या वर गेला की थांबा. मतलईत जमिनीकडे तोंड करून सोडायचा. समुद्राकडे भरकटला तर लाट नेते. खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली, हात पुढे सरकवत सोडा. झटका देऊ नका. ८ ते १० मीटर सरळ गेला की जमलं.

हिंदकळत, वर चढून धपकन पडत गेला तर नाकात आधी अर्धा ग्रॅम वाढवा, शेपटीला हात नंतर लावा. सरळ वाळूत घुसला तर अर्धा ग्रॅम काढा. एकाच बाजूला वळत असेल तर पंख पिळला असेल: तो समोरून डोळ्याच्या रेषेत धरून पाहा, तोंडाची वाफ देत उलटा पिळा आणि तसाच मिनिटभर धरा. दोन दोष एकदम दिसले तर एका वेळी एकच सुधारा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळतच नाही.

घरी आल्यावर ओल्या फडक्याने मीठ पुसा, सुकवा, आणि पंख सपाट फळीवर वजनाखाली ठेवा. गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवला तर तासाभरात वाकडा होतो.